पिछाडीची कैफियत

इंग्रजी साहित्य शिकविण्याच्या धंद्यात आमच्या आयुष्याची पंचवीसांहून अधिक वर्षे गेली. ह्या धंद्यात माणसास जमीनजुमला मिळत नाही. मिळतात ते काही शब्द, आणि त्यांवर आपलीच वहिवाट आहे असा एक निरुपद्रवी समज. ‘नॅरेटिव्ह’ हा आमच्या अशाच वहिवाटीतला शब्द होता. कादंबरीतील निवेदक कोण, तो किती सांगतो, किती झाकतो, आणि झाकलेले वाचकाच्या ध्यानी कसे येते, ह्याची चर्चा करताना तो आम्ही वर्गात वापरीत असू. आणि उत्तरपत्रिकेत तो अशुद्ध लिहिणाऱ्याचा अर्धा गुण निर्दयपणे कापीत असू. २०२४ च्या जून महिन्यात हा शब्द आमच्या हातून कायमचा निसटला. औरंगपुऱ्याच्या भाजीमंडईत आम्ही कांदे निवडीत असता शेजारच्या एका गृहस्थांनी विक्रेत्यास सांगितले, “ह्या वेळी नॅरेटिव्हनं घात केला.” विक्रेत्यास त्यात काही नवल वाटले नाही. “फेक होता ना!” एवढे बोलून त्याने तराजू उचलला.

आमच्या भाषेत ह्या अर्थाचे शब्द नव्हते असे मुळीच नाही. वावडी, आवई, हूल, भुमका, कंडी ही नुसती वरवरची यादी झाली. परंतु ती बारकाईने पाहिली तर असे दिसते की, दुसऱ्याने आपल्याविषयी पसरविलेल्या गोष्टीस मराठीने भरपूर नावे दिली आहेत. मग आपण आपल्याविषयी रचून सांगितलेल्या गोष्टीचे काय? तिलाही एक जुने दफ्तरी नाव आहे. ते म्हणजे कैफियत. वतनाचा तंटा पडला म्हणजे वादी-प्रतिवादी आपापली कैफियत लिहून देत. तीत घराण्याची थोरवी असे, भाऊबंदांनी केलेला अन्याय असे, आणि जेथे कागद दाखविता येत नसे तेथे ते धामधुमीत लुटले गेल्याचा खुलासाही असे. मात्र ज्याचे वतन निर्वेध चालू होते त्याने कधी हौसेने कैफियत लिहिल्याचे कोणी ऐकिले नसेल. कैफियत लिहावी लागते ती ज्याच्या पायाखालची जमीन सरकू लागली आहे त्यास.

निवडणुकीचा न्याय हाच आहे. जो पुढे आहे त्याची गोष्ट आकडाच सांगतो. जो मागे आहे त्यास गोष्ट सांगावी लागते. आणि वर्तमानपत्रे, वाहिन्या व लोकांच्या हातांतील दूरध्वनी यांनी त्याच्याविषयी आधीच एक गोष्ट सांगून ठेविली असल्यामुळे त्यास ती पुसून नवी लिहावी लागते. हे काम तो चार प्रकारांनी करतो असे आमचे निरीक्षण आहे. पहिला प्रकार, आपल्याविरुद्धची गोष्ट खोटी म्हणून फेटाळावयाची. दुसरा, विषयच बदलावयाचा. तिसरा, वेष बदलावयाचा. आणि चौथा, जो सर्वांत खर्चाचा व म्हणून सर्वांत विरळा, तो म्हणजे ज्या वस्तुस्थितीवरून गोष्ट उपजली ती वस्तुस्थितीच बदलावयाची. महाराष्ट्राने २०२४ साली सहा-सात महिन्यांच्या अवधीत हे चारही प्रकार पाहिले, आणि दोन्ही बाजूंकडून पाहिले. एवढा संपूर्ण पाठ एकाच वर्षात मिळण्याचे भाग्य आमच्या पिढीच्या वाट्यास दुसऱ्यांदा येईल असे वाटत नाही.

त्या वर्षाच्या आरंभी पिछाडीवर होता तो विरोधी पक्ष. शिवसेना हे नाव आणि धनुष्यबाण हे चिन्ह निवडणूक आयोगाने १७ फेब्रुवारी २०२३ रोजी एकनाथ शिंदे यांच्या पक्षास दिले होते. राष्ट्रवादी काँग्रेस हे नाव आणि घड्याळ ६ फेब्रुवारी २०२४ रोजी अजित पवार यांच्याकडे गेले. घर गेले, दारावरची पाटीही गेली, अशी उद्धव ठाकरे व शरद पवार यांची स्थिती. वृत्तपत्रांनी त्यांची गोष्ट ‘संपलेले पुढारी’ ह्या मथळ्याखाली जवळजवळ छापून ठेविली होती. पण ह्या दोघांनी तीच गोष्ट उचलली आणि तिची दिशा फिरविली. पाटी गेली हेच त्यांचे भांडवल झाले. ८० वर्षांपलीकडचे शरद पवार २४ फेब्रुवारी २०२४ रोजी रायगडावर गेले आणि तेथे ‘तुतारी वाजविणारा माणूस’ हे आपले नवे चिन्ह त्यांनी लोकांपुढे ठेविले. मशाल आणि तुतारी ही दोन्ही चिन्हे आयोगाने दिलेली. पण ज्या जनतेच्या कानांत पोवाडे आहेत तिला त्यांत आणखी काही ऐकू आले. लुबाडला गेलेला माणूस आमच्याकडे नेहमीच नायक होतो, हे त्यांनी अचूक ओळखले. गमतीचा भाग असा की, पानिपतानंतर भाऊसाहेबांचा जसा तोतया निघाला तसा ह्या तुतारीचाही निघाला. अपक्षांस देण्यात आलेल्या एका वाद्याचे नावही मराठीत ‘तुतारी’च छापले गेले, आणि साताऱ्यात त्या वाद्यास पडलेली मते पवारांच्या उमेदवाराच्या पराभवाच्या अंतराहून अधिक भरली! गोष्ट कितीही नामी असो, तिचा तोतया केव्हा उभा राहील ह्याचा नेम नसतो.

आघाडीवर असलेल्यांनी मात्र आपली गोष्ट एका आकड्यात सांगितली, आणि तेथेच घोटाळा झाला. ‘चारशे पार’ ही घोषणा विजयाची खात्री दाखविण्यासाठी होती. परंतु शेजारी जर गरजेपेक्षा मोठी कुऱ्हाड विकत घेऊ लागला, तर आपल्या अंगणातील झाडाकडे पाहण्याची बुद्धी कोणासही होणारच. राज्य चालविण्यास ५४३ पैकी २७२ पुरतात. मग चारशे कशास? ह्या प्रश्नाचे उत्तर विरोधकांनी ‘संविधान बदलण्यास’ असे दिले. ते उत्तर सर्वस्वी त्यांनी निर्माण केले असेही नाही. कर्नाटकातील अनंतकुमार हेगडे ह्या सत्तापक्षाच्याच खासदारांनी २०२४ च्या मार्चमध्ये चारशेची सांगड संविधानाच्या दुरुस्तीशी जाहीरपणे घातली होती. पक्षाने ते वैयक्तिक मत म्हणून झटकले. पण झटकलेली ठिणगी खाली कोठेतरी पडतेच. आणि मराठवाड्यासारखी कोरडी जमीन तिला दुसरीकडे कोठे मिळणार? ज्या शहरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली महाविद्यालय काढिले, आणि जेथे विद्यापीठास त्यांचे नाव मिळण्यासाठी १९९४ च्या जानेवारीपर्यंत वाट पाहावी लागली, तेथे संविधान हा कपाटातला ग्रंथ नव्हे. हजारो घरांत तो भिंतीवरच्या तसबिरीत, त्यांच्या हाताशी असतो. त्या घरांची भीती प्रमाणाबाहेर होती असे कोणी म्हणो; ती बनावट होती असे मात्र आम्हांस कधीही म्हणवणार नाही.

४ जून २०२४ रोजी आकडे आले. महाराष्ट्राच्या ४८ जागांपैकी महाविकास आघाडीस ३०, महायुतीस १७, आणि सांगलीची एक अपक्षास. २०१९ साली २३ जागा जिंकणारा भारतीय जनता पक्ष ९ वर आला. मराठवाड्याच्या ८ जागांपैकी ७ महायुतीने गमावल्या. उरलेली एक आमच्या शहराची. येथे संदिपान भुमरे सुमारे १ लाख ३४ हजार मतांनी निवडून आले. इम्तियाज जलील दुसरे आणि चंद्रकांत खैरे तिसरे. मौज अशी की, दोन्ही आघाड्यांच्या मतांच्या टक्केवारीत एका टक्क्याचेही अंतर नव्हते. पण १७ आणि ३० ह्यांतील अंतर सर्वांस दिसते, टक्क्याच्या अपूर्णांकातले कोणास दिसणार? त्या दिवसापासून पिछाडीवर कोण, ह्याचे उत्तर बदलले. आणि कैफियत लिहिण्याची पाळी सत्तेवर आली.

दुसऱ्याच दिवशी, म्हणजे ५ जून रोजी, तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी पराभवाची जबाबदारी आपल्याकडे घेऊन, आपणांस सरकारातून मोकळे करावे अशी पक्षश्रेष्ठींस विनंती केली. ती मान्य झाली नाही. परंतु पराभूत सेनापती ही भूमिका त्यामुळे त्यांची स्वतःची झाली, विरोधकांनी बहाल केलेली राहिली नाही. पुढे त्यांनी आपल्या कैफियतीचे मुख्य कलम मांडिले: आमची लढत तीन पक्षांशी नव्हतीच, ती एका चौथ्या पक्षाशीही होती, आणि तो चौथा म्हणजे खोटा नॅरेटिव्ह. हे वाक्य आम्हांस व्यवसायबंधूच्या कौतुकाने ऐकावेसे वाटले. एका अमूर्त नामास त्यांनी पक्ष बनविले, त्यास मैदानात उतरविले, आणि पराभवाचे धनीपण त्याच्याकडे दिले. मतदार चुकला असे म्हणावयाचे नाही, कारण पुन्हा त्याच्याच दारी जावयाचे आहे. आपण चुकलो असेही फारसे म्हणावयाचे नाही. मग मतदार फसला असे म्हणणे ही मधली सोयीची वाट. मात्र ह्या वाटेत एक खाच आहे. ज्यास आपण फसलेला म्हणतो त्यास मनातून आपण अजाणही म्हणत असतो, आणि माणूस पराभव विसरतो पण हे विसरत नाही. म्हणूनच की काय, केवळ पहिल्या प्रकारावर न विसंबता उरलेले तिन्ही हाताळले गेले.

वेष बदलण्याचा प्रकार डोळ्यांस सर्वांत सुखद होता. अजित पवार यांच्या पक्षास लोकसभेची एकच जागा मिळाली होती, आणि घरच्या बारामतीत पराभव झाला होता. कडक शब्द, करडी नजर, पहाटेची शिस्त अशी ज्यांची ख्याती, त्या गृहस्थांनी गुलाबी जाकीट चढविले आणि ऑगस्टमध्ये ‘जनसन्मान यात्रा’ काढिली. मंच गुलाबी, फलक गुलाबी, कार्यकर्त्यांचे उपरणे गुलाबी! विनोदी लेखकांची त्या दिवसांत मोठी चंगळ झाली. परंतु तो रंग विनोदी लेखकांसाठी नव्हताच. तो ज्यांच्यासाठी होता त्यांची यादी तालुक्याच्या कचेरीत तयार होत होती. २८ जून २०२४ च्या अर्थसंकल्पात ह्याच अर्थमंत्र्यांनी ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना जाहीर केली होती. अडीच लाखांच्या आतील वार्षिक उत्पन्नाच्या कुटुंबांतील स्त्रियांस दरमहा १५०० रुपये, आणि त्यासाठी वर्षाकाठी ४६,००० कोटींची तरतूद. रक्षाबंधन १९ ऑगस्टला होते. पहिले हप्ते त्याच्या आधीच खात्यांत उतरू लागले.

आमच्या घरी सकाळचा स्वयंपाक एक मावशी करितात. मुकुंदवाडीकडून येतात, मोजके बोलतात, आणि पोळ्यांच्या संख्येत कधी चूक करीत नाहीत. जुलै महिन्यात त्यांनी दोन दिवस रजा घेतली, कारण अर्ज, हमीपत्र, आधार आणि बँकेचे पुस्तक ह्यांची सांगड घालावयाची होती. ऑगस्टमध्ये एके सकाळी त्यांचा दूरध्वनी वाजला आणि दोन महिन्यांचे ३००० रुपये जमा झाल्याचा निरोप आमच्या गृहिणीने त्यांस वाचून दाखविला. आम्ही चहा घेत होतो. प्रोफेसराची जात, राहवले नाही. राज्याच्या तिजोरीवरील भार, निवडणुकीच्या तोंडावरचे औदार्य, आणि प्रचारकथेची रचना ह्यांविषयी आम्ही चार समजुतीच्या गोष्टी सांगितल्या. मावशींनी पोळी उलटली आणि म्हणाल्या, “सर, भाषणं दोन्हीकडची ऐकली. मेसेज एकाकडूनच आला.”

थोड्या वेळाने, आम्हांस उद्देशून नव्हे तर तव्यास उद्देशून, त्या आणखी बोलल्या. “पंधराशे म्हणजे काही फार नाहीत, बाई. पण माझ्या नावावर आलेत. आजपर्यंत माझ्या नावावर बँकेत फक्त बचत गटाचं कर्ज होतं.”

ह्या एका वाक्यापुढे आमच्या कथनमीमांसेचे बरेच ग्रंथ बापुडे दिसू लागले हे नमूद केले पाहिजे. प्रचाराच्या गोष्टीत बाईस ‘बहीण’ म्हटले जाते, तिच्या मनगटावर राखी येते, तिच्या तोंडी कृतज्ञतेचे संवाद घातले जातात. आणि तिकडे प्रत्यक्षातली बाई त्याच पैशांभोवती आपली निराळीच गोष्ट विणीत असते, जीत भाऊ कोठेच नसतो, आणि नायिका ती स्वतः असते. मत कोणास दिले हे आम्ही मावशींस विचारिले नाही, व त्यांनी सांगितले नाही. गुप्त मतदानाचा अर्थ आमच्या स्वयंपाकघरास कळतो ह्याचे आम्हांस समाधान आहे.

त्याच वर्षी, दिवाळी उलटून प्रचार रंगात आला असता, आमचा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला. एका उमेदवाराच्या ‘वॉर रूम’मध्ये तो काम करीत होता. उमेदवार कोणता आणि पक्ष कोणता हे सांगण्याचे कारण नाही. गोष्ट कोणाच्याही बाबतीत तीच निघाली असती. उमेदवार मागे पडला होता. विद्यार्थ्याने आपल्या कामाचे स्वरूप आम्हांस इतक्या मोकळेपणाने समजाविले की, त्याने वर्गात कधी असे लक्ष दिले असते तर त्याचा पहिला वर्ग हुकला नसता.

“सर, बातमीत ‘पिछाडीवर’ हा शब्द एकदा आला ना, की देणगीदार फोन उचलत नाही. कार्यकर्ता जेवायला म्हणून घरी जातो, तो परत येत नाही. म्हणून आमचं पहिलं काम, तो शब्द काढायचा. ‘चुरशीची लढत’ असं छापून आलं तरी पुष्कळ. ‘अंडरकरंट’ आलं तर सोन्याहून पिवळं.”

“आणि ते छापून कसे येते?” आम्ही विचारिले.

“सभा आमखास मैदानावर घ्यायची नाही. तिथे दहा हजार माणसंही शिंपडल्यासारखी दिसतात. गुलमंडीच्या चौकात घ्यायची. दीड हजारांत रस्ता तुंबतो, आणि व्हिडिओत नुसती डोकी दिसतात. मग तो व्हिडिओ आधी ग्रुपवर, मग यूट्यूबवाल्यांकडे, आणि शेवटी बातमीदाराकडे. त्यानं तो तीन ठिकाणी पाहिलेला असतो, म्हणून त्यालाही खरं वाटतं.”

मग त्याने आपले काम सांगितले. त्यास एक वाक्य हवे होते. फलकावर मावेल असे, रिक्षावाल्यास पाठ होईल असे, आणि उमेदवाराची आजवरची गोष्ट उलटविणारे. आम्ही त्यास विचारिले, “अरे, तुझ्या उमेदवाराचे पाण्याविषयी काय म्हणणे आहे?”

येथे परक्या वाचकांसाठी थोडा खुलासा अवश्य आहे. नाथसागर हा भारतातल्या मोठ्या धरणांपैकी एक. तो आमच्यापासून पन्नास-साठ किलोमीटरांवर आहे. तरीही आमच्या शहरातल्या कित्येक वस्त्यांस नळाचे पाणी अनेक दिवसांच्या अंतराने येत आले आहे. नव्या जलवाहिनीच्या योजनेचे भूमिपूजन २०२० च्या डिसेंबरात झाले तेव्हा तिचा खर्च १६८० कोटी होता. तो पुढे २७४० कोटींवर गेला. पाणी यावयाच्या दिवशी आमच्या घरी पाहुणे बोलाविले जात नाहीत, लग्नाचे आमंत्रण स्वीकारले जात नाही, आणि आम्ही व्याख्यान देत नाही. घरातील पंचांगात एकादशीच्या वरचे स्थान ह्या दिवसाचे आहे.

विद्यार्थी क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, “सर, पाण्यावर बोललं की सगळेच अडचणीत येतात. कोण सत्तेत नव्हतं? म्हणून ते कुणीच काढत नाही.” आणि जाताना, पायांत वहाणा सरकवीत, हसून म्हणाला, “तुम्हीच शिकवलं होतं, निवेदक जे सांगत नाही तिथंच खरी गोष्ट असते.” वाक्य त्यास आम्ही दिले नाही, चहा दिला. परंतु तो जे देऊन गेला त्याचे मोल अधिक आहे. प्रतिपक्षी एकमेकांविरुद्ध ज्या गोष्टी सांगतात त्यांत राजकारणाचा अर्धाच भाग असतो. उरलेला अर्धा, ज्या गोष्टी दोघेही मिळून सांगत नाहीत, त्यांत असतो. आणि सामान्य माणसाचे आयुष्य बहुधा ह्या दुसऱ्या अर्ध्यातच जाते.

विषय बदलण्याची कला आमच्या शहराइतकी जवळून दुसऱ्या कोणी पाहिली नसेल. शहराच्या नावाचाच इतिहास पाहा. १९८८ साली महानगरपालिकेच्या पहिल्या निवडणुकीनंतर शिवसेनाप्रमुखांनी ‘संभाजीनगर’ हे नाव उच्चारिले. तेथपासून तीन तपे ते नाव निवडणुकीच्या हवेबरोबर वर-खाली होत राहिले. अखेर २९ जून २०२२ रोजी, ज्या बैठकीनंतर मुख्यमंत्री राजीनामा देणार हे जवळपास निश्चित झाले होते, त्या बैठकीत ठाकरे मंत्रिमंडळाने नामांतरास मान्यता दिली. १६ जुलैला नव्या सरकारने तोच निर्णय ‘छत्रपती’ हे उपपद जोडून पुन्हा घेतला. बुडत्या जहाजावरून जाताना पहिल्या कप्तानाने जी पेटी काखोटीस मारिली, तीच दुसऱ्याने किनाऱ्यावर उघडून दाखविली. नाव बदलणे योग्य की अयोग्य, ह्याचा निवाडा आम्ही येथे करीत नाही. दोन्ही पक्षांकडच्या भावना आम्ही आमच्या वर्गात एकाच बाकावर बसलेल्या पाहिल्या आहेत. आमचा मुद्दा एवढाच की, २०२४ च्या मतदानास आम्ही गेलो तेव्हा पत्त्यात छत्रपती संभाजीनगर होते आणि मतदारसंघाचे नाव औरंगाबाद होते. आणि दोन्ही नावांच्या नळास त्या दिवशी पाणी नव्हते.

तर मग गोष्ट बदलण्याची ही सारी खटपट म्हणजे निव्वळ लबाडीच होय काय? आम्ही तसे म्हणणार नाही, आणि ह्याला आधार आमच्याच राज्याच्या जन्मकथेचा आहे. १९५७ साली संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची दाणादाण उडाली. द्विभाषिकाच्या विधानसभेत ३९६ पैकी २३४ जागा मिळून सत्ता राहिली खरी, पण मराठी मनातून तो पक्ष उतरला होता. आचार्य अत्रे यांचा ‘मराठा’ १९५६ च्या नोव्हेंबरात निघाला होता, आणि त्याने सत्ताधाऱ्यांची जी गोष्ट घरोघर पोहोचविली ती पुसणे सोपे नव्हते. यशवंतराव चव्हाणांनी आधी सोपे उपाय करून पाहिले. ३० नोव्हेंबर १९५७ रोजी प्रतापगडावर पंडित नेहरूंच्या हस्ते शिवछत्रपतींच्या पुतळ्याचे अनावरण झाले; समितीने काळ्या निशाणांनी त्याचे स्वागत केले. पुतळ्याने गोष्ट बदलली नाही. ती बदलली १ मे १९६० रोजी, कारण त्या दिवशी मागितलेली वस्तूच हाती आली. १९६२ च्या निवडणुकीत त्याच पक्षास २६४ पैकी २१५ जागा मिळाल्या. महाराष्ट्र कोणी मिळविला ह्याचा वाद अजून मिटलेला नाही, आणि शंभरांहून अधिक हुतात्म्यांचे ऋण कोणत्याही पक्षाच्या खात्यावर मांडता येत नाही. तथापि एवढे निश्चित, की चव्हाणांनी शब्दांचा पराभव शब्दांनी करण्याचा नाद सोडून वस्तूने केला. चौथा प्रकार तो हा.

२०२४ च्या उत्तरार्धातही ह्या चौथ्या प्रकाराचा अंश होता, आणि तो नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. बहिणींचे पैसे खरे होते. सप्टेंबरात कांद्याच्या निर्यातीवरील किमान दराची अट केंद्राने उठविली. सोयाबीन आणि कापूस उत्पादकांस हेक्टरी ५००० रुपयांचे साहाय्य मिळाले. त्याच्याच जोडीस ‘बटेंगे तो कटेंगे’ आणि ‘एक हैं तो सेफ हैं’ हेही होते, म्हणजे एका हाताने देणे आणि दुसऱ्याने भिवविणे. भीती खोटी पसरविली म्हणून ज्यांनी जूनमध्ये तक्रार केली, त्यांच्या व्यासपीठावरून नोव्हेंबरात दुसरी भीती वाटली जात होती. महायुतीने १५०० चे २१०० करण्याचे वचन दिले, तेव्हा विरोधकही ‘महालक्ष्मी’ नावाने दरमहा ३००० रुपयांचे वचन घेऊन आले. २३ नोव्हेंबर २०२४ रोजी निकाल लागला. २८८ पैकी भाजप १३२, शिंदे यांची शिवसेना ५७, अजित पवारांची राष्ट्रवादी ४१. आमच्या जिल्ह्याच्या नऊच्या नऊ जागा महायुतीकडे गेल्या. त्यांत शहरातली पूर्वेची जागा अवघ्या २,१६१ मतांनी. विरोधी पक्षांपैकी एकासही सभागृहाच्या सभासदसंख्येचा दहावा हिस्सा गाठता आला नाही.

आणि मग, वाचकांनी ओळखलेच असेल, कैफियत पुन्हा पलीकडच्या घरी गेली. आता मतदानयंत्र आणि मतदारयादी ह्यांचे कलम तीत आले. सोलापूर जिल्ह्यातील मारकडवाडी गावाने ३ डिसेंबरला कागदी मतपत्रिकांवर मतदान करून पाहण्याचे ठरविले. प्रशासनाने ते होऊ दिले नाही. विशेष हे की, ज्या उमेदवाराच्या बाजूने हा उपक्रम होता तो त्या मतदारसंघात निवडून आलेला होता! शंका विचारण्याचा अधिकार नागरिकाचा आहे आणि उत्तर देण्याचे कर्तव्य यंत्रणेचे आहे, ह्याविषयी आमचे दुमत नाही. पण पराभवानंतर प्रथम पहिला प्रकारच आठवावा, ही मनुष्यस्वभावाची गंमत दोन्ही घरी सारखीच निघाली.

ह्याहून बोधप्रद आहे ती विजयानंतरची हकीकत. १० मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात २१०० चे वचन उतरले नाही, आणि योजनेची तरतूद ४६,००० कोटींवरून ३६,००० कोटींवर आली. त्याच वर्षीच्या जूनपासून सुमारे २६ लाख नावांचे हप्ते छाननीसाठी थांबविल्याचे सरकारनेच सांगितले. अपात्रांस वगळणे गैर नव्हे. पण ही काटेकोर नजर २०२४ च्या जुलै-ऑगस्टात कोठे होती, असा प्रश्न कोणासही पडावा. उत्तर उघड आहे. तेव्हा सरकार पिछाडीवर होते, आता नव्हते. मावशींचे नाव यादीत राहिले. त्यांस आम्ही २१०० विषयी विचारिले, तर त्या म्हणाल्या, “पुढच्या इलेक्शनला बघू, सर.” ह्या उत्तरात निराशा नव्हती. बाजारात मालाचा हंगाम ओळखणाऱ्या माणसाचा तो शांतपणा होता.

त्या शांतपणातच आम्हांस लोकशाहीची अधिक खरी मीमांसा सापडली असे वाटते. जून ते नोव्हेंबर २०२४ हे पाच महिने आठवावेत. त्या अवधीत कांदा दिल्लीस ऐकू गेला, सोयाबीन ऐकू गेले, आणि जिच्या नावावर केवळ कर्ज होते अशी बाईही ऐकू गेली. राज्यकर्त्यांचे कान एकाएकी सुधारले ते कोणा वैद्याच्या औषधाने नव्हे. ४ जूनच्या आकड्याने. विजय हा बहिरेपणाचा रोग आहे, आणि पिछाडी हेच त्यावरील ज्ञात औषध. म्हणून पिछाडीवरचा पक्ष आपली गोष्ट बदलू लागला म्हणजे नाक मुरडण्याची घाई नागरिकाने करू नये. तो जाकीट बदलतो तोवर हसावे. शत्रू बदलतो तेव्हा सावध व्हावे. आणि आपली वस्तुस्थिती बदलण्यास तयार होतो तेव्हा, तेवढ्या अवधीत, नळाचे पाणी मागून घ्यावे. आमचे सर्व राजकीय पक्षांस मनःपूर्वक शुभचिंतन आहे. त्यांस दीर्घायुष्य लाभो, त्यांच्या सभा चौकात असोत वा मैदानात, गर्दीने फुलोत. फक्त ते सर्व, सर्व काळ, किंचित पिछाडीवर राहोत.